घोटून घोटून

मोजणीचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, तूर घरात आली, शेतं उघडी पडली, की आमच्या भागात माणसांना शेजाऱ्याने धुरा, म्हणजे बांध, सरकवल्याची आठवण होते. मग अर्ज येतात, तारखा पडतात आणि आमचे हे सकाळी सातलाच डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पाण्याची बाटली घेऊन घराबाहेर पडतात. हे मोजणीदार आहेत. एकाची जमीन कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठून सुरू होते, ते उन्हात उभं राहून सांगायचं, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या आणि कागदावर सह्या घेऊन परत यायचं, अशी ती नोकरी. त्या नोकरीपायी दारव्ह्यात राहून आम्हाला आता बारा वर्षं झाली.

हा हंगाम लोक पळसाच्या फुलांवरून ओळखत असतील. मी तो व्हॅनिलाच्या वासावरून ओळखते. गॅसवर दूध तापलेलं असावं, त्यात भिजवलेली कस्टर्डची पावडर पडावी आणि पांढऱ्याचं पिवळं होता होता तो वास उठावा. तो आला की मला आधी भीती वाटते आणि मग हळूहळू भूक लागते. दोन्हीला कारण एकच, मागचा उन्हाळा.

तसं कस्टर्ड हा आमच्या घरात लग्नात खायचा पदार्थ होता. पंगती जाऊन हातात ताटं आली, तेव्हापासून प्रत्येक मांडवात शेवटच्या टेबलावर एक पातेलं असतं. त्यात केळी, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे पोहत असतात आणि मागे उभा असलेला वाढपी डावात फक्त पातळ तेवढंच उचलतो. ते घरी करायचं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आमच्याकडे गोड म्हणजे पुरणाची पोळी, नाहीतर शिरा. आणि खरं म्हणजे आमच्याकडे गोडापेक्षा तिखटाचंच राज्य. लाल मिरची वाटल्याशिवाय आमची चूल पेटत नाही, असं आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या आर्णीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. आमच्या भागात सासूला असंच हाक मारतात.

आता खर्ऱ्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं सगळं कळेल. सुपारी, तंबाखू आणि चुना एका जाड प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला तळहाताने गोल गोल रगडतो, चांगली पाच-सात मिनिटं, आणि मग पुडीला रबर लावून हातात देतो. त्याला खर्रा बनवणं म्हणत नाहीत, घोटणं म्हणतात. हंगामात ह्यांचे दिवसाला सहा-सात व्हायचे, आणि प्रत्येक पुडी तोंडात टाकण्याआधी हे ती स्वतः तळव्यावर पुन्हा घोटायचे. शेतात पाय ठेवला की पहिल्यांदा पाणी पुढे येतं आणि दुसऱ्यांदा खर्रा. तो नाकारला तर समोरच्याला वाटतं, साहेब विरुद्ध पार्टीचा आहे. त्यामुळे हे दोन्ही पार्ट्यांचा खायचे आणि निःपक्षपाती राहायचे. मीही काही साधी नाही. बाजारातून येताना ह्यांची पुडी मीच कितीदा आणली आहे. "वहिनी, साहेबांचा घोटून ठेवला," असं ठेलेवाला म्हणायचा आणि मला त्यात मान वाटायचा. ही गोष्ट लिहिताना मला आजही लाज वाटते.

खुणा दिसत होत्या, पण आम्ही त्यांना हसत होतो. एकदा आठवडी बाजारात आम्ही गुपचूप खायला उभे राहिलो. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचूप म्हणतात. अख्खी पुरी तोंडात जाईना म्हणून ह्यांनी ती दातांनी फोडली आणि सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी इतकी हसले, की मलाच ठसका लागला. नंतर हे भाकरीचा घास छोटा मोडायला लागले, भाजीतलं तिखट झोंबतं म्हणून ताटात दही मागायला लागले. वय झालं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. वय सत्तेचाळीस.

शेवटी दाढ दुखली म्हणून यवतमाळला गेलो. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, तोंड उघडा. ह्यांनी उघडलं. ती म्हणाली, पूर्ण उघडा. हे तसेच बसून राहिले आणि अर्धवट उघड्या तोंडाने बोबडं म्हणाले, "पूर्णच हाय हे."

तिने मग स्वतःची बोटं उभी धरून दाखवली. माणसाच्या तोंडात अशी तीन बोटं जायला पाहिजेत. ह्यांच्या तोंडात दीड गेलं. लोकांच्या वावराची मोजणी करत आयुष्य गेलं आणि घरातली एवढीशी जागा रोज आकसत होती, तिची मोजणी कुणी केली नव्हती. डाव्या गालाच्या आत, पुडी ठेवायच्या जागी, एक पांढरा चट्टा होता. तिने दिवा जवळ ओढून तो बराच वेळ पाहिला. मग शांतपणे म्हणाली, की तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, दहा दिवसांत कळेल. काय कळेल, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्हाला माहीत होतं.

तुकडा काढला, टाके पडले. खर्रा बंद, तिखट बंद, गरम बंद, कडक बंद. मऊ, थंड आणि सपक तेवढंच चालेल. सोबत आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा एक गठ्ठा दिला. टाके सुकले की त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची, म्हणजे तोंड हळूहळू उघडेल. सुरुवात बारा काड्यांनी होती.

सपक म्हणजे काय असतं, हे आमच्या घराला ठाऊकच नव्हतं. पहिले दोन दिवस नुसतं दूध झालं. अंबील आंबट म्हणून झोंबली, खिरीतले दाणे टाक्यात अडकले. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात उभी असताना मला तो डबा दिसला, वर पिवळ्या वाटीचं चित्र असलेला. मी तो घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून दूध आणायला खाली गेले. परत येते तर आत्याबाईंनी घरातलं होतं ते दूध उकळत ठेवलेलं आणि डावा हात वर धरून त्या पावडर वैरत होत्या. पिठल्याचं बेसन वैरतात तशी, अगदी सुंदर, एकसारखी धार. पिठल्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण कस्टर्ड म्हणजे पिठलं नव्हे. पातेल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. मी म्हटलं, आत्याबाई, आधी थंड दुधात भिजवायचं असतं. त्या म्हणाल्या, पीठ हाय ना, मंग वैरायचंच असते. आणि मग हळूच त्यांनी ते पातेलं माझ्याकडे सरकवलं, मानही वर न करता.

दुसऱ्यांदा मी केलं. पाव वाटी थंड दुधात दोन चमचे पावडर कालवली, बोटाने दाबून एकही खडा राहिला नाही ना ते पाहिलं. दुधात साखर विरघळवली, आच बारीक केली आणि मग एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने हलवत राहिले. डावाच्या पाठीवर थर बसला आणि त्यावरून बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली, तेव्हा गॅस बंद केला. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं. वर साय धरू नये म्हणून मधूनमधून हलवत होते. तासाभराने वाटी ह्यांच्या पुढे ठेवली. औषधाच्या बाटलीसोबत येतो तो इवलासा चमचा त्यांच्या तोंडात जात होता, त्याने त्यांनी पहिला घास घेतला. आणि दुसऱ्याच क्षणी डोळ्यांतून पाणी. हे उठून मोरीकडे धावले.

मला वाटलं टाका तुटला. मग मी डाव हुंगला. सकाळी त्याच लाकडी डावाने आत्याबाईंनी वरणाला फोडणी दिली होती. डाव धुतला होता, पण लाकडात मुरलेलं तिखट धुण्याने जात नाही. आपल्याला ते जन्मात कळलं नसतं. ह्यांच्या गालाला कळलं.

आत्याबाई उठल्या. पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि नवा डाव, नवं पातेलं आणि नवी वाटी घेऊन आल्या. हे ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडला, कारण आमच्या स्वयंपाकघरात ज्याला मिरचीचा हात लागला नाही असा एकही कोपरा नव्हता. त्यांनी घरभर पाहिलं आणि सगळं उचलून देवघरात नेऊन ठेवलं. गणपतीच्या उजव्या हाताला पातेलं, बाळकृष्णाच्या मागे कस्टर्डचा डबा. "इथं तिखट येत नाई," असं म्हणून त्यांनी पडदा सरकवला. त्यानंतरचे कितीतरी दिवस आमच्या कस्टर्डला व्हॅनिलासोबत थोडासा कापराचाही वास यायचा. कुणी तक्रार केली नाही.

त्या दहा दिवसांतले बाकीचे तपशील मला फारसे आठवत नाहीत. कूलरचं पाणी संपल्याचा आवाज आठवतो. दुपारी वीज गेली, की फ्रिजमधली वाटी माठाजवळच्या ओल्या फडक्यात ठेवायची, ते आठवतं. मी ह्यांच्यावर चिडलेली होते आणि ते बोलून दाखवता येत नव्हतं. स्वतःवरही चिडलेली होते. रोज सकाळी कॅलेंडरकडे पाहायचं नाही असं ठरवायची आणि दात घासायच्या आधी पाहायची. आणि एक आठवतो तो ह्यांचा हात. रजेवर घरी बसलेला माणूस, तोंडात पुडी नाही, बोलणं नाही. पण उजव्या हाताचा तळवा मात्र चालू. चादरीचं टोक, वर्तमानपत्राची घडी, जे हाताखाली येईल ते डाव्या तळव्यावर ठेवून गोल गोल रगडत बसायचे. त्यांना स्वतःला ते कळतही नसे. मला ते पाहवत नव्हतं.

पाचव्या दिवशी आत्याबाईंनी ते पाहिलं. त्या देवघरात गेल्या, डाव घेऊन आल्या आणि लेकाच्या हातात दिला.

"सुधाकर, हाताले घोटायचीच सवय हाय ना तुह्या? मंग हे घोट."

हे उठले. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांनी चहा सोडून गॅसवर काही केल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. मी पावडर कालवून दिली आणि बाजूला उभी राहिले. हे डाव धरून गोल गोल फिरवायला लागले, पातेल्याच्या तळाला लागून, कडेकडेने, एका लयीत. मला दहा मिनिटांत खांदा दुखायचा, ह्यांचा हात थकेचना. त्या दिवशीचं कस्टर्ड इतकं घोटीव झालं, की लग्नाच्या मांडवातल्या आचाऱ्याने विचारावं. तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. डाव फिरत असला की ते थोडंफार बोलतही असत. एकदा तळाकडे पाहतच म्हणाले, की नकाशात नाही निघालं तरी जमिनीवर निघतं कधीकधी. मी म्हटलं, आणि जमिनीवर नसलं तर नकाशातही नसतंच की. दोघंही कशाबद्दल बोलत होतो, हे दोघांना ठाऊक होतं.

घोटणं या शब्दाचा मी त्या दिवसांत फार विचार केला. लहानपणी अक्षर घोटायचो, पाढे घोटायचो, परीक्षेच्या आधी प्रश्नोत्तरं घोटायचो. खर्राही घोटतात आणि कस्टर्डही. पाण्याचाही घोट असतो, आणि तो जात नाही तेव्हाच त्याची किंमत कळते. हात तोच, फिरवणं तेच. फक्त त्या हाताखाली काय ठेवायचं, तेवढं कुणीतरी वेळेवर बदलायला हवं. आत्याबाईंनी ते बदललं, चार इयत्ता शिकलेल्या बाईने. मी बावीस वर्षं नुसतं "सोडा, सोडा" म्हणत राहिले आणि बाजारातून पुडी आणत राहिले.

अकराव्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही यवतमाळला गेलो. डॉक्टर मुलीने आम्हाला खुर्चीत बसूही दिलं नाही. दारातच आमची तोंडं पाहिली असावीत तिने. "कॅन्सर नाही आहे, काका," म्हणाली, आणि मग बसवून सगळं नीट समजावलं. गाल आतून कडक झाला आहे, खर्रा पुन्हा घेतला तर उद्या हे वाईटाकडे जाऊ शकतं, काड्यांचा व्यायाम सोडायचा नाही, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. हे सगळं मी मान हलवत ऐकलं आणि त्यातलं काहीही ऐकलं नाही. माझ्या कानात तो एकच "नाही" होता.

बसस्थानकावर मला रडू फुटलं. चांगलं हमसून, लोक पाहत असताना. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "आता कायले रडून राह्यली? नाई हाय ना." मला त्यांना सांगता आलं नाही, की असतं तर मी रडले नसते, कामाला लागले असते. नाही आहे, म्हणूनच रडायला सवड मिळाली.

घरी आलो तर आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांची चलबिचल झाली. ह्यांनी घाईघाईने सांगितलं, तेव्हा कुठे त्या खाली बसल्या. मग उठून आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. आम्ही नसताना त्यांनी एकटीने कस्टर्ड केलं होतं, थंड दुधात कालवून, एकही गुठळी न होऊ देता. ती वाटी त्यांनी लेकाला दिली नाही, माझ्या हातात दिली.

"तू खा आधी. दहा दिवस झाले, तुह्याही घशाखाली काही उतरलं नाई, मले काय दिसत नाई?"

गोड इतकं गोड असतं हे मी विसरूनच गेले होते. केळ्याच्या बारीक चकत्या होत्या त्यात. मी उभ्यानेच वाटी संपवली.

तर असा मागचा उन्हाळा. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, काड्या बाराच्या चौदा झाल्या, सोळा झाल्या, संक्रांतीपर्यंत अठरा. औषधाचा चमचा जाऊन चहाचा आला. तिखट अजून नाही, पण वरणाला थोडी फोडणी चालते. देवघरातलं पातेलं अजून देवघरातच आहे, आता त्याला तिथून हलवायची कुणाची हिंमत नाही. सगळं ठीक चाललं होतं, कारण हे मागचा सगळा काळ कार्यालयात बसून नकाशांचं काम करत होते. यंदाच्या हंगामात मात्र पुन्हा शिवारात जायची पाळी आली आणि माझी झोप उडाली. शिवार म्हणजे दोन पार्ट्या, आणि दोन पार्ट्या म्हणजे दोन पुड्या.

परवा पहिली मोजणी होती, आर्णी रस्त्याकडच्या एका गावात. दोघे चुलतभाऊ, मधे एक धुरा. जाताना मी काही बोलले नाही. बोललं की उलटंच होतं, हे बायकांना कळतं, तरी बोललं जातं. मी गप्प राहिले, एवढंच माझं कौतुक. दिवसभर मात्र प्रत्येक तासाला ह्यांचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. उन्हं उतरल्यावर हे आले, धुळीने लालेलाल. सदरा काढून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवला आणि आंघोळीला गेले.

मी कस्टर्डच करत होते. दूध तापलं होतं, भिजवलेली पावडर नुकतीच ओतली होती आणि हात फिरत होता. सहज मान वळवली, तर सदऱ्याचा खिसा फुगलेला. खिशातून पन्नीचं टोक बाहेर आलं होतं आणि त्यावर लाल रबर.

डाव माझ्या हातातून सुटला. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मागे आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही तो खिसा पाहिला. "काढ," एवढंच म्हणाल्या. मी पुडी काढली. हाताला टणक लागली. रबर काढून पन्नी उलगडली, तर आत काड्या होत्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, एकावर एक, दातांचे व्रण उमटलेल्या.

हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि आम्ही दोघी तशाच उभ्या. त्यांना लगेच कळलं आम्ही काय समजलो होतो ते. रागावले नाहीत. ओशाळं हसले.

"दोघंबी भाऊ खर्रा घेऊन मांगं लागले," म्हणाले. "मंग मी काड्या काढल्या आन् लावल्या दातात. तोंड भरलेलं, बोलताबी येईना. दोघं घाबरून पाह्यतच राह्यले. धुरा निघेपर्यंत कोनी मले खर्रा देल्ला नाई, आन् कोनी शिवीबी देल्ली नाई."

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मात्र काड्या मोजत होते. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. एकोणीस भरल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. "आज एक जास्त गेली," ते म्हणाले.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. पातेल्याचा तळ धरला होता आणि वर गुठळ्याच गुठळ्या, आत्याबाईंच्या त्या पहिल्या दिवसासारख्या. मी ते फेकायला उचललं, तर ह्यांनी पातेलं माझ्या हातातून घेतलं, वाटीत काढलं, गार व्हायचीही वाट पाहिली नाही, आणि नेहमीचा चहाचा चमचा बाजूला सारून मांडणीवरचा भाताचा मोठा चमचा घेतला. मी चमच्याकडेच पाहत राहिले. चमचा आत गेला. अख्खा.

"गुठळी आली का?" मी विचारलं.

"आली," हे म्हणाले. "चावून राह्यलो."